खाट चारची गरज

सॉफ्टवेअरमधला निर्णय लिहायचा, तर तो कशापायी घेतला तेही त्याला जोडायचं, हा नियम तिच्या नवऱ्याचा. बाकीचे ज्याला रिक्वायरमेंट म्हणत, त्याला तो सरळ 'गरज' म्हणायचा. गरजेशी न जोडलेला निर्णय म्हणजे 'अनाथ'. तो बिनदिक्कत काढून टाकायचा. दोघं एकाच कंपनीत, रुग्णालयातल्या खाटांजवळच्या फोनची यंत्रणा सांभाळायचे. घरी तिनं दुसरी किटली आणली, तेव्हाही पठ्ठ्यानं आधी गरज विचारली होती.

तीन मिनिटांनी फोन आपोआप तुटावा, हा निर्णय मात्र तिचा. गरज: इतरांना लाइन मोकळी मिळावी. पुढे तो आजारी पडून त्याच रुग्णालयात दाखल झाला; खाट चारवरून तिच्याशी बोलत होता. "ऐक ना, एक सांगायचं राहिलंच," म्हणाला आणि फोन तुटला. तिनं पुन्हा लावेपर्यंत तो गेला होता. तेव्हापासून तिचं कशात म्हणून मन लागत नव्हतं.

नवं व्हर्जन तपासताना टेस्टरला एक अनाथ सापडला. चुकांचा पिच्छा सोडत नाही म्हणून सगळे या टेस्टरला चिकट म्हणत. तो अनाथ निर्णय असा: 'खाट चारची लाइन तोडू नये.' लिहिणारा तिचा नवरा. तारीख मात्र तो गेल्यानंतरची.

"सर्व्हरचं घड्याळ चुकलं असेल," ती म्हणाली. चिकटनं मान डोलावली, पण तिच्याकडे पाहिलं नाही.

तिनं रुग्णालयात चौकशी केली. मेट्रन म्हणाली, अशी मागणी कुणी केलेली नाही; ती खाट केव्हाच हलवली, फोनही काढून नेला. म्हणजे नियमाप्रमाणे ते वाक्य जायलाच हवं होतं. त्याचं शेवटचं वाक्य स्वतःच्या हातानं पुसताना तिला रडू आवरलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो निर्णय होता तिथंच होता. आता त्याला गरजही जोडलेली होती: 'बोलणं अर्धं राहिलंय.' 'मागणी कोणाची' या रकान्यात फक्त 'रुग्ण'.

चिकट गळ्याशपथ सांगत होता, त्यानं हातसुद्धा लावला नव्हता.

दुपारी सगळे जेवायला गेल्यावर तिनं खाट चारचा नंबर फिरवला. एक रिंग झाली आणि पलीकडे फोन उचलला गेला.

"ऐकतेय मी," ती म्हणाली. "बोल ना रे."

श्वास ऐकू येत होता. दमलेला, ओळखीचा.

तीन मिनिटं उलटली. लाइन तुटली नाही.

मग तो बोलला. ती डोळे मिटून ऐकत राहिली.

चिकट जेवून परतला आणि तिच्या स्क्रीनपाशी थबकला. नवी गरज आली होती: 'एकट्याला करमत नाही.' त्या गरजेला निर्णयही जोडून झाला होता: 'ती येईल.' मंजुरी तिच्या नावानं.

"ताई, हे तुम्ही लिहिलंत?"

रिसीव्हर अजून तिनं दोन्ही हातांनी घट्ट धरलेला होता.

"हो," ती म्हणाली, आणि रिसीव्हर ठेवून पर्स उचलली.