बोटाएवढी जागा

पानगळीच्या दिवसांत बागेत करायच्या कामांची यादी हिच्या वहीत आहे. पानं गोळा करणं, वाकलेली झाडं काठीला बांधणं, रिकाम्या कुंड्या धुऊन पालथ्या घालणं, हत्यारांना तेल लावणं, आणि सगळ्यात शेवटी, पहिली कडक थंडी पडून डेलियाची पानं काळी झाली की त्यांचे कंद काढून कोरड्या वाळूत, अंधाऱ्या जागी ठेवणं. ही गेली उन्हाळ्यात. त्यामुळे यंदा ही कामं माझ्याकडे आली.

मी चाळीस वर्षं एका छापखान्यात मुद्रितं तपासली. दुसऱ्यांच्या वाक्यांतल्या चुका काढण्यात आयुष्य गेलं, म्हणून स्वतः काही लिहायला बसलो की पहिल्याच ओळीवर पेन्सिल अडते. तरीही जे घडलं ते घडलं त्या क्रमाने लिहितोय. कुठे चुकलं असेल तर ती चूक माझीच धरावी.

आमची बाग घरामागे आहे. लांबी वीसेक पावलं. डाव्या हाताला कमरेइतकं तारेचं कुंपण, आणि कुंपणापलीकडे घड्याळजींची बाग. ते घड्याळं दुरुस्त करत. दुकान बंद करून दहा वर्षं झाली, पण नाव राहिलं. मागच्या ओसरीत माझी वेताची खुर्ची असते. उजेड खांद्यावरून पानावर पडावा म्हणून ती बागेकडे पाठ करून ठेवलेली आहे. बत्तीस वर्षं ही माझ्या पाठीमागे बागेत राबली आणि मी भिंतीकडे तोंड करून वाचत बसलो. दमली की ओसरीच्या पायरीशी पालथ्या घातलेल्या मोठ्या कुंडीवर ती टेकायची.

"अहो, बघा तरी काय फुललंय."

"एवढं प्रकरण संपलं की आलोच."

बघायला घड्याळजी यायचे. कुंपणावर कोपर टेकून, "वहिनी, याला म्हणायचं फूल," असं काहीबाही बोलायचे. ती हसलेली मला ऐकू यायची. मग मी तेच पान पुन्हा पहिल्यापासून वाचायचो.

तिच्या वहीत मी माझं नाव शोधलं, हे सांगायला लाज वाटते. घड्याळजी अकरा ठिकाणी आहेत. "घड्याळजींना दोन कंद दिले." "घड्याळजी म्हणतात लाल रंग इकडे हवा." मी एकदाच आहे. "हे वाचत बसलेत. उठवू नये."

झाडं बांधायची तिची एक रीत होती. सुतळीचा एक वेढा काठीला, मध्ये पीळ, दुसरा वेढा देठाला. गाठीचं एक टोक लांब, एक आखूड. बांधून झालं की वेढ्यात करंगळी घालून बघायची. करंगळी सहज फिरली पाहिजे. "वाढायला जागा नको?" फक्त डेलियाच्या कंदांना ती नावाची चिठ्ठी बांधताना जागा ठेवत नसे. देठ वीतभर ठेवून छाटायचा आणि सुतळी रुतेपर्यंत आवळायची. "आता याला कुठं वाढायचंय," म्हणायची. चिठ्ठीवर तारीख लिहायची ती मात्र कंद जमिनीतून बाहेर आल्यावरच. आधी कधी नाही.

पहिल्या दिवशी मी पानं गोळा केली. दुसऱ्या दिवशी शेवंती बांधायला घेतली. माझ्या गाठी बुटाच्या नाडीसारख्या झाल्या आणि संध्याकाळपर्यंत निम्म्या सुटल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी कुंपणापलीकडून हाक आली.

"पुस्तकराव, उपकार झाले हो तुमचे."

घड्याळजी काठीवर भार देऊन उभे होते. त्यांच्या खुब्याचं ऑपरेशन होऊन तीन महिने झाले होते, खाली वाकता येत नव्हतं.

"कसले उपकार?"

"लाजताय काय. माझी शेवंती बांधलीत ना? गाठ तर अगदी वहिनींच्या वळणाची."

मी कुंपणाशी गेलो. त्यांची सगळी शेवंती काठ्यांना उभी होती. एक टोक लांब, एक आखूड. मी तारेतून हात घालून जवळच्या वेढ्यात करंगळी घातली. ती सहज फिरली.

"मी नाही बांधली," मी म्हणालो.

"मग काय माझ्या खुब्याने बांधली?" ते हसले.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या कुंड्या धुऊन, लहानमोठ्या क्रमाने पालथ्या घातलेल्या होत्या. त्यानंतरच्या दिवशी पानांच्या ढिगावर गोणपाट होतं आणि चार कोपऱ्यांना चार दगड. त्यानंतर हत्यारं. खुरपं, दाताळं, कात्री, सगळं पुसून, तेल लावून भिंतीला ओळीने टेकवलेलं. वहीतलं एकेक कलम, तिच्याच रीतीने. वही माझ्या टेबलाच्या कुलूपबंद खणात होती आणि किल्ली माझ्या खिशात.

मला भीती वाटायला हवी होती. मला वाटला तो मत्सर.

मी वाचणारा माणूस आहे; कारण शोधल्याशिवाय राहत नाही. घड्याळजींची सून करत असेल म्हटलं, तर ती परगावी होती. कुणी माळी लावला असेल म्हटलं, तर फाटकाचा आवाज आला असता. सकाळी उजाडल्यापासून मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसलो. पलीकडे काहीही हललं नाही. गॅसवरचं दूध उतू जायला आलं म्हणून वळलो, परत बघितलं तर गुलाबांच्या आळ्यातलं तण उपटून कडेला जुडी करून ठेवलेलं होतं. ओल्या मातीत दोन गोल खळगे होते. ही गुडघ्याखाली गोणपाटाची घडी घेऊन बसायची तेव्हा पडायचे तसे, एक थोडा खोल. तिचा उजवा गुडघा दुखायचा, म्हणून भार डाव्यावर असायचा. खोल खळगा डावीकडचा होता.

माझ्या बागेत काही नव्हतं. माझ्या बुटाच्या नाड्या तेवढ्या लोंबत होत्या.

मग मी विचार केला. ती तिकडे जाते, कारण तिकडे काम अडलं आहे. माझ्याकडे, वाईट का होईना, मी करतोय. म्हणून मी माझं केलेलं मोडायला घेतलं. गोळा केलेली पानं पुन्हा वाफ्यांवर पसरली. गाठी कापल्या. हत्यारं दवात टाकून दिली. ओसरीत बसून वाट बघितली. तीन दिवस.

तिसऱ्या दिवशी लेकीचा फोन आला.

"बाबा, बरे आहात ना? घड्याळकाकांचा फोन आला होता. तुम्ही झाडलेली पानं परत पसरताय म्हणे."

"वारा होता."

"बाबा."

"थोडा माझाही हात होता."

"माळी लावू या का? आईची बाग आहे, तुमच्याच्याने नाही व्हायचं ते."

"होतंय," मी म्हणालो.

माझ्याकडचं एक पानही हललं नव्हतं. कुंपणापलीकडे मात्र आता एकच काम उरलं होतं. रात्री थंडी पडली होती आणि घड्याळजींच्या डेलियाची पानं काळी पडून लोंबत होती. ते कंद हिनेच दिलेले. मी कुदळ खांद्यावर टाकली आणि रस्त्याने वळसा घेऊन त्यांच्या फाटकातून आत गेलो. तिकडे काम उरलंच नाही तर तिला इकडे यावं लागेल, असा माझा हिशेब होता. एकाहत्तराव्या वर्षी हा हिशेब सुचावा, याचं मला वैषम्य वाटतं.

घड्याळजी पायरीवर खुर्ची टाकून बसले. मी खणत होतो. मातीला गार, कडू वास होता. पहिलाच कंद कुदळीने दुभंगला.

"लांबून खणायचं, गोल," ते म्हणाले. "वहिनी वीतभर अंतर सोडायच्या."

"तुम्हाला बरं माहीत."

"बघत असायचो ना."

मी कुदळ टेकली. जे बोलायला बत्तीस वर्षं धीर झाला नव्हता ते बोलून गेलो. "अजूनही बघता. ती येते तुमच्याकडे."

त्यांनी काठी या हातातून त्या हातात घेतली. नाकारलं नाही.

"मला कधी दिसली नाही, पुस्तकराव," ते म्हणाले. "काम झालेलं दिसतं, बस. मी रोज उठून बघतो. कुणी दिसेल म्हणून चहा गार होईपर्यंत उभा राहतो. नाही दिसत."

"मग?"

"तुमच्याकडे दिसते."

दुभंगलेला कंद माझ्या हातात होता. आतून तो पांढरा आणि ओला होता.

"दुपारी तुम्ही वाचत असता तेव्हा," ते म्हणाले. "पाठीमागे, त्या पालथ्या कुंडीवर. मला माझ्या जिन्याच्या खिडकीतून दिसतं. मला वाटलं तुम्हाला ठाऊक आहे. माणूस बसलंय आणि तुम्ही आपले वाचताय, म्हटलं नेहमीचंच."

"काय करते?"

"काही नाही. हात मांडीवर." त्यांनी काठी पायरीला टेकवली. "तुमचं संपायची वाट बघते असं वाटतं."

मग ते म्हणाले, "तुमचा मला फार हेवा वाटतो हो. कामाला इकडे आणि बसायला तिकडे." हे म्हणताना ते हसले नाहीत.

उरलेले कंद मी लांबून, गोल खणून काढले. नीट निघाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी खुर्चीत बसलो. बसण्याआधी मागे बघितलं. मोठी कुंडी पायरीशी पालथी होती. तिच्यावर एकही वाळकं पान नव्हतं, बाकी सगळीकडे पानं होती.

मी बागेकडे पाठ केली आणि पुस्तक उघडलं. शेवटची चाळीस पानं राहिली होती.

मी मुद्दाम सावकाश वाचू लागलो. काही पानं दोनदा. मनात एक लाजिरवाणा आनंद होता, की ती इथे आहे, त्यांच्याकडे नाही.

शेवंतीच्या पाल्याचा कडवट वास आला. पानं पायाखाली येतात तसा आवाज झाला आणि थांबला. मी वळलो नाही.

बत्तीस वर्षं ती थांबली होती. मला वाटलं, आता आणखी थांबवू नये.

शेवटचं पान मी मोठ्याने वाचलं. पुस्तक मिटलं.

"झालं," मी म्हणालो. "आलो."

मागे कात्रीने सुतळी कापल्याचा आवाज झाला.

त्यानंतर माझा डोळा लागला असावा. तसं मी म्हणतो, कारण दुसरं काय म्हणावं ते मला सुचत नाही. जाग आली तेव्हा ऊन कलंडलं होतं. बागेतली पानं ढिगात होती, ढिगावर गोणपाट, गोणपाटावर चार दगड. शेवंती उभी होती. डेलियाचे वाफे खणून सपाट केलेले होते आणि काढलेले कंद चिठ्ठ्या बांधून ओसरीत ओळीने ठेवले होते. प्रत्येक चिठ्ठीवर तिच्या अक्षरात आजची तारीख होती.

माझ्या डाव्या मनगटालाही सुतळी होती.

"पुस्तकराव," कुंपणाकडून हाक आली. "ही तुमचीच ना करामत?"

घड्याळजींनी काठी वर करून दाखवली. काठीला एक वेढा, मध्ये पीळ, दुसरा वेढा त्यांच्या मनगटाला. एक टोक लांब, एक आखूड. "दुपारी डुलकी लागली तेवढ्यात," ते म्हणाले. "सारखी हातातून पडायची. आता पडत नाही. रुतत पण नाही बघा." त्यांनी वेढ्यात करंगळी घालून फिरवली.

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्याकडे बघून मला काही वाटलं नाही. मी हात बाहीत ओढून घेतला आणि "मीच," म्हणालो.

आत येऊन हे लिहायला बसलोय. मी पुन्हा पुन्हा करंगळी घालून बघतो. जात नाही. सुतळीला तिची चिठ्ठीही आहे. एका बाजूला माझं नाव आहे. दुसरी बाजू, जिथे ती तारीख लिहायची, ती अजून कोरी आहे.