न सरकणारं माणूस

लग्न पोटच्या लेकीचं, आणि फोटोही आपणच काढायचे, हा ओरिस्याचा हट्ट. डॉफिन गावाच्या आसपासच्या युक्रेनी घरांतली निम्मी लग्नं तिनं त्या जुन्या चौकोनी कॅमेऱ्यावरच टिपली होती. रुंद फिल्म, एका रोलवर बाराच फोटो. कॅमेरा पोटाशी धरायचा, मान खाली घालायची आणि वरच्या झाकणातल्या दुधी काचेत बघायचं. त्या काचेत डावं-उजवं उलटं दिसतं. कॅमेरा जरा फिरवावा, तर चित्र भलतीकडेच पळतं. नवख्याला गरगरायला होतं. ओरिस्याला सवय होती.

सवय झाली नव्हती ती एकाच गोष्टीची. गेल्या उन्हाळ्यात एका लग्नात तिनं कॅमेरा फिरवला, तर काचेतलं चर्च सरकलं, वऱ्हाड सरकलं, पण म्हातारा हाव्रिलो मधोमध तसाच. डोळ्यांचा दोष असेल म्हणून तिनं खटका दाबला. फोटो धुऊन येईपर्यंत हाव्रिलो मातीआड गेला होता. पुढे सुगीच्या दिवसांत एका करवलीचं तसंच झालं. चांगली धडधाकट पोर, हो! तेव्हापासून ओरिस्या काचेत बघायलाच धास्तावायची. आणि बोलणार कुणाजवळ? लोकांनी वेड्यात काढलं असतं.

म्हणून आज सकाळपासून तिनं आपल्या आईकडे कॅमेरा वळवलाच नव्हता. टेक्ला म्हातारीनं नव्वदी ओलांडलेली. काचेत भलतंसलतं दिसण्यापेक्षा न बघितलेलं बरं.

पण म्हातारीच्या नजरेतून काय सुटतंय! जेवणं उरकल्यावर चर्चमागच्या बाकावर तिनं लेकीला गाठलंच.

"अख्ख्या गावाचे फोटो काढलेस. व्याह्यांच्या कुत्र्याचासुद्धा काढलास. मीच तेवढी डोळ्यांत खुपते का?"

"आई, उजेड बरा नव्हता गं..."

"कुत्र्यापुरता होता वाटतं!"

नवरी मार्ता फिसकन हसली आणि झगा सावरत आजीला खेटून बसली. "काढ ना, आई. आजीबरोबरचा एक तरी हवाच मला. परत कधी जमायचं?"

आता नाइलाज होता. ओरिस्यानं मान खाली घातली. गवताचा उबट वास येत होता. हॉलमधून अकॉर्डियनचे सूर येत होते. तिनं अगदी सावकाश कॅमेरा फिरवला. बाक सरकला. मार्ता सरकली. आणि आई... डोक्यावरच्या फुलाफुलांच्या रुमालासकट आईही छान सरकली.

ओरिस्याच्या जिवात जीव आला. तिनं खटका दाबला आणि तिला एकदम रडूच फुटलं.

"अगं वेडे, रडतेस काय? लग्नाला आलीस की माझ्या मयताला?"

"काही नाही गं. उगीच."

तेवढ्यात नवऱ्यानं हाक मारली म्हणून मार्ता हॉलकडे पळाली. टेक्लानं हात पुढे केला.

"आण इकडे ते खोकं. नवरीची आई तू, तुझा काढलाय का कुणी आज? जा, उभी राहा तिकडे."

ओरिस्या डोळे पुसत हसली. फिल्म पुढे गुंडाळून तिनं कॅमेरा आईच्या मांडीवर ठेवला आणि समोर जाऊन उभी राहिली. कितीतरी महिन्यांनी तिला इतकं हलकं वाटत होतं.

टेक्ला काचेत डोकावली. "अगं बाई, सगळं उलटंच पळतंय की!" लहान पोरीसारखी खुदखुदत तिनं कॅमेरा इकडे वळवला, तिकडे वळवला. मग तिचं हसू थांबलं.

"ओरिस्या..."

"काय गं?"

"चर्च सरकतंय... झाडं सरकतायत..."

ओरिस्यानं मागे वळून चर्चकडे बघितलं.

"तू कशी गं मधोमधच? जरा बाजूला हो बघू, बाळा."

ओरिस्या बाजूला झाली. आणखी झाली. लायलॅकच्या झुडपापलीकडे, पार कुंपणापर्यंत गेली.

टेक्लानं मान वर केली नाही. ती काचेतच बघत होती.

"झालीस का?" तिनं विचारलं.