वारा नव्हता त्या दिवशी

आमची ओळख झाली ती एका गांधीलमाशीमुळे.

मी टॉवर क्रेन चालवते. साइटवरच्या सगळ्यात उंच खांबाच्या टोकाला काचेची एक खोली असते, त्यात खुर्ची, दोन दांडे, वाऱ्याचा वेग दाखवणारा काटा आणि मी. सकाळी शिडीने वर चढायचं, संध्याकाळी उतरायचं, डबाही वरच खायचा. माणसं म्हणजे माझ्या दृष्टीने खाली हलणाऱ्या रंगीत टोप्या. माझी ताई दर रविवारी फोनवर विचारायची, "अगं, एवढ्या उंचावर बसतेस, एखादा बरा मुलगा दिसत नाही होय तुला?" मी म्हणायचे, टोप्या दिसतात ताई, टोपीखाली काय आहे ते इथून कळत नाही.

त्या दिवशी सळयांचा जुडगा उचलून मी तो इमारतीवरून अर्ध्यात आणला होता. तेवढ्यात खाली एका पांढऱ्या टोपीने दोन्ही हात डोक्यावर नेऊन जोरजोरात हलवले. ही "थांब"ची खूण. आमच्या कामाचा एक नियम आहे. उचल, वळव, खाली सोड हे फक्त सिग्नलवाल्याने सांगायचं, पण "थांब" कुणीही सांगू शकतो. मालक सांगो नाहीतर झाडूवाला, क्रेन थांबलीच पाहिजे. मी थांबवली. सळया हवेत, काँक्रीटची गाडी ताटकळलेली, सगळी साइट माना वर करून उभी.

फोरमन वॉकीटॉकीवर पेटला. कुणी थांबवलं, का थांबवलं, कुणाच्या बापाचं काय जातंय… मग एक नवाच आवाज आला, जरा चाचरत.

"क्रेन… माफ करा. मी नवीन सेफ्टी ऑफिसर. मी थांबवलं नाही… म्हणजे, गांधीलमाशी होती."

सगळी साइट खो खो हसली. सेफ्टीवाल्यानेच काम बंद पाडलं, तेही माशी हाकलताना! मला मात्र त्याचा तो खरेपणा आवडला. दुसरा कुणी असता तर सळयांची गाठ सैल वाटली म्हणून ठोकून दिलं असतं. मी बटण दाबून म्हटलं, "थांब म्हणजे थांब. माशीने सांगितलं तरी."

दुपारी तो माफी मागायला वर आला. केबिनच्या दारात पोचला तेव्हा चेहरा पांढराफटक, चष्मा घामाने धुरकटलेला. कमरेच्या पट्ट्याला दोन हुक; एक अडकल्याशिवाय दुसरा सोडायचा नाही, हे तो अगदी देवाचं नाव घ्यावं तसं पुटपुटत होता. आत येऊन काचेकडे पाठ करून खालीच बसला.

"तुम्हाला उंचीची भीती वाटते?" मी विचारलं.

"फार."

"आणि या नोकरीत आलात?"

"ज्याला भीती वाटत नाही, त्याने या नोकरीत येऊच नये," तो म्हणाला, आणि डोळे मिटूनच हसला.

मग तो दर आठवड्याला यायला लागला. तपासणी आहे म्हणायचा. दोरखंड बघायचा, ब्रेक विचारायचा, काट्यावर टिचकी मारायचा आणि मग कोपऱ्यात बसून निघायचं नावच घ्यायचा नाही. मी डब्यातली अर्धी पोळी पुढे केली की म्हणायचा, नको, पोटात आधीच सगळं हललंय. पुढच्या आठवड्यात ती खायला लागला. मी त्याला चिडवायचे, तो चिडायचा नाही. लहानपणी झाडावर चढलेल्या मुलांच्या चपला सांभाळायचं काम त्याच्याकडे असायचं, असं त्याने एकदा सांगितलं. मला इतकं हसू आलं की डोळ्यांतून पाणी आलं, आणि लक्षात आलं की या खोलीत मी याआधी कधीच मोठ्याने हसले नव्हते.

तो उतरून गेला की केबिन दुप्पट रिकामी वाटायची. पूर्वी तसं नव्हतं. एकटेपणाची सवय असणं आणि कुणाची तरी वाट बघत एकटं असणं, यात फार फरक असतो… तो मला तेव्हा कळला. शिडी वाजली की मी दाराकडे बघायचे. बहुतेक वेळा ती वाऱ्यानेच वाजलेली असायची.

पावसाळी हवेत मला सर्दी झाली. डोकं दगडासारखं जड. रजा घ्यायला हवी होती, पण फोरमन मागच्याच महिन्यात ऐकवून गेला होता की, बाई, तुमच्या खुर्चीसाठी माणूस तयार बसलाय, एक दिवस जरी नाही आलात तर बघा. ही खुर्ची मिळवायला मी किती वर्षं किती जणांची टिंगल ऐकली होती, ते माझं मलाच माहीत. आणि खरं सांगायचं तर तो सेफ्टीवाल्याचा वर येण्याचा दिवस होता. मी सर्दीची गोळी घेतली, वरून आणखी एक घेतली आणि चढले.

नियम असा की सिग्नलवाल्याचा प्रत्येक हुकूम ऑपरेटरने पुन्हा म्हणायचा. तो म्हणाला "डावीकडे", की आपण म्हणायचं "डावीकडे". त्या दिवशी मी नुसतीच "हं" म्हणत होते. मला ते कळतही नव्हतं. खाली सगळ्यांच्या कमरेला वॉकीटॉकी होते, तरी ते ऐकलं एकट्या सेफ्टीवाल्यानेच.

"सगळ्यांनी लक्ष द्या," त्याचा आवाज आला. "वारा वाढलाय. क्रेन, भार खाली ठेवा. काम बंद."

मी विटांचा पिंजरा हळूच खाली टेकवला. मग काट्याकडे पाहिलं. काटा शून्यापाशी पडून होता. समोरच्या घराच्या गच्चीवर चादरी वाळत घातल्या होत्या, त्यांचं टोकसुद्धा हलत नव्हतं.

वारा नव्हताच. हे फक्त मला दिसत होतं आणि त्याला ठाऊक होतं. जो माणूस माशीबद्दलसुद्धा खोटं बोलला नाही, तो सगळ्या साइटसमोर खोटं बोलला होता, माझी खुर्ची वाचावी म्हणून. मी नुसतं गप्प बसायचं होतं, बस्स. तासाभरात गुंगी उतरली असती, वाराही "पडला" असता. पण उद्या खरंच वारा सुटला आणि त्याने "थांबा" म्हटलं, तर त्याचं कोण ऐकणार? कुणीतरी म्हणणारच, काल तरी कुठे वारा होता… आणि त्या वेळी भाराखाली कोण उभं असेल?

मी बटण दाबलं.

"वारा नाहीये. मी सर्दीच्या गोळ्या घेतल्यात. मला झोप येतेय. मी क्रेन बंद करतेय."

मी दांडे सोडले आणि क्रेन बंद केली.

मग शिडी वाजायला लागली. या वेळी वाऱ्याने नाही. तो आला, दार लावलं, पाण्याची बाटली माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "गुंगी जाईपर्यंत शिडीवर पाय ठेवायचा नाही. मी इथेच बसतो."

"खोटं का बोललात?"

त्याने उलट विचारलं, "विटांच्या आधी काय उचललं होतं?"

मी आठवायला लागले. फळ्या? की लोखंडी पाइप? कुठे ठेवले? कुणाच्या डोक्यावरून नेले? काही म्हणजे काही आठवेना. त्या भाराखालून टोप्या गेल्या असतील, प्रत्येक टोपीखाली कुणाचा तरी बाप, कुणाचा भाऊ… आणि एक पांढरी टोपीही. मी ढसाढसा रडले. तो उठला, काचेकडे तोंड करून माझ्या शेजारी उभा राहिला आणि त्याने माझा हात धरला.

"एक सांगू?" तो म्हणाला. "क्रेनची तपासणी महिन्यातून एकदाच करायची असते."

"मग दर आठवड्याला…"

"तुमच्यासाठी यायचो. आदल्या रात्री झोप लागायची नाही. भीतीने… आणि तुम्ही भेटणार म्हणूनही."

आमच्यासारख्यांना प्रेम कसं व्यक्त करायचं ते कुणी शिकवत नाही. मी एवढंच म्हटलं, "मला वर फार एकटं वाटतं. तुम्ही गेलात की जास्तच." आणि त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं. खाली माणसं आमच्याकडे बघत असतील याची मला लाज वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी काम सुरू होण्याआधी सगळे जमतात, तिथे तो पुढे येऊन म्हणाला की, काल मी खोटं बोललो, क्रेनने खरं सांगितलं, तुम्ही तिच्याकडून शिका. कुणी हसलं नाही. मग मागून एक गवंडी हळूच म्हणाला, माझ्या पट्ट्याची शिवण उसवलीय, बदलून मिळेल का? त्याच्या शेजारच्यालाही दोन दिवस चक्कर येत होती. फोरमनचा चेहरा पडला, पण पट्टे बदलले गेले. माझी खुर्ची मात्र गेली ती गेलीच. तो तयार बसलेला माणूस दुपारी चढला. तसा बरा ऑपरेटर होता, हुकूम खणखणीत म्हणायचा.

मला काम मिळालं ते दुसऱ्या गावी, रात्रभराच्या अंतरावर. तो बसस्टँडवर सोडायला आला. माझी बॅग हातात घेऊन उभा राहिला, खाली ठेवेचना.

"मी भित्रा माणूस आहे," तो म्हणाला. "एक विचारायचं होतं, पण तू नाही म्हणालीस तर?"

"तर बस समोरच उभी आहे. मी चढेन."

"आणि हो म्हणालीस तर?"

"तरी चढेन. परवा कामावर हजर व्हायचंय."

तो हसला, आणि मग एका दमात विचारून टाकलं… माझ्याशी लग्न करशील का. कंडक्टरने घंटा वाजवली. मी हो म्हटलं. त्याला ऐकू गेलं नसेल असं वाटून पुन्हा म्हटलं, हो, हो. त्याने बॅग दिली, मी चढले, खिडकीशी बसले.

बस वळली तसा तो मागे राहिला, लहान होत गेला. माणसं लहान दिसण्याची मला इतक्या वर्षांची सवय. तरी त्या संध्याकाळी माझ्याने ते बघवलं नाही.