गाढवाने मला खड्ड्यात येऊ दिलं नाही

विश्वास ठेवायचा तर ठेवा. मी शिवणकाम करणारी बाई. माप वाढवून सांगायची सवय नाही. गेल्या रविवारी, भर दुपारी तीन वाजता, माझ्या बाहेरच्या खोलीत हे घडलं.

माझा धाकटा भाऊ फ्रीज दुरुस्त करायचा. सुट्टीला माझ्याकडे व्हिडिओ गेम खेळायला यायचा. गेम हसवणारा होता. मी आचारीण, हातात झारा. तो गाढव. राक्षस आले की मी झारा हाणायचा, त्याने लाथा.

घाबरले की मी हमखास चुकीचं बटण दाबायचे. उडीचं. सरळ खड्ड्यात.

अशा वेळी दुसऱ्याने पुढे जायचं असतं. हा मुद्दाम माझ्यामागे उडी टाकायचा. दोघेही बाद, डाव पहिल्यापासून.

"अरे गाढवा, जिंकत होतास की."

"एकटीनं पडायचं नाही, ताई."

तो गेला तेव्हा मी जवळ नव्हते. पाच दिवस दवाखान्यात बसून होते. तासाभरासाठी घरी आले, अंघोळीला.

तेवढ्यात…

तो एकटाच पडला.

आठ महिन्यांनी त्या गेमचा दुसरा भाग आला. त्याच्या मुलीने लावून दिला. "बाबा वाट बघत होते याची. खेळ आत्या. गाढव आता आपोआप चालेल." त्याचा रिमोट मी सेल काढून कपाटात ठेवला होता.

रविवारी एकटीच बसले. राक्षस आला, मी घाबरले, खड्ड्यात पडले.

गाढव काठावर थांबलं. खाली बघितलं.

आणि…

उडी टाकली.



तेवढ्यात कपाटातून आवाज आला. टक… टक…

बटणाचा.

मी उठले नाही. खेळत राहिले. पुलापाशी पोचलो. पुलाच्या पलीकडे एक रुंद खड्डा. गाढव माझ्या पुढे गेलं… आणि आत पडलं.

एकटं.

या वेळी मी घाबरले नव्हते. उडीचं बटण जाणूनबुजून दाबलं.

खालून लाथ बसली. मी परत काठावर.

पुन्हा उडी. पुन्हा लाथ.

"येऊ दे ना रे," मी म्हणाले. मोठ्यानं. रिकाम्या खोलीत.

तिसऱ्यांदाही लाथच.

मग कपाटातलं टकटक थांबलं.

संध्याकाळी भाची आली. सगळं ऐकून घेतलं. माझा रिमोट घेऊन पुलापलीकडे दोनदा जाऊन आली. गाढव तिच्यामागे मुकाट चालत होतं.

"आत्या," ती हळूच म्हणाली, "इथे खड्डाच नाहीये."

खरंच नव्हता. सपाट रस्ता.

आता रोज दुपारी तीनला मी हातातलं शिवण बाजूला ठेवते. त्या सपाट रस्त्यावर आचारणीला उड्या मारायला लावते. गाढव शेजारी उभं असतं, नुसतं गाढवासारखं.

कपाटाचं दार मी उघडंच ठेवलंय…