फेब्रुवारीत उकळलेलं सरोवर

तुमच्यापैकी कुणाचाही विश्वास बसणार नाही, पण कॅनडातलं आमचं विनिपेगचं सरोवर एकदा भर फेब्रुवारीत उकळलं होतं, आणि ते मी उकळवलं होतं. त्याच आठवड्यात मी प्रेमातही पडलो. हसा. पण आधी ऐका, मग हसा.

तेव्हा मी कॉम्प्युटरच्या सुट्या भागांच्या दुकानात काम करायचो. दर शनिवारी तिथे आमची चांडाळचौकडी जमायची. तीनशे मेगाहर्ट्झ वेगाचा प्रोसेसर घ्यायचा आणि साडेचारशेवर पळवायचा, हाच आमचा धर्म. रीत साधी होती. वेग एक पायरी वाढवायचा, अख्खा दिवस त्याला अवघड गणितं घालायची, ताप बघायचा. टिकला तरच पुढची पायरी. टिकेल त्याचं नाव भिंतीवरच्या पाटीवर.

सगळ्यात वर माझं नाव होतं. ओरेस्ट, साडेचारशे, चोवीस तास.

आता सांगायला लाज वाटते... चोवीस तास नव्हतेच ते. वीस मिनिटं होती. तीही गॅरेजचं दार सताड उघडं टाकून, बाहेर उणे चाळीस असताना. इतकी थंडी, की मी हासडलेली शिवी हवेतच गोठली आणि एप्रिलमध्ये वितळून शेजारणीला ऐकू आली. तसल्या गारठ्यात कुणाचाही प्रोसेसर टिकला असता.

आणि एका शनिवारी ती आत आली. टोपीवर बर्फ, पापण्यांवर बर्फ, चष्म्यावर वाफ... वाफेमुळे ती बोलली ती प्रिंटरशीच.

"साडेचारशेवाले ओरेस्ट तुम्हीच ना?"

"तो प्रिंटर आहे. मी इकडे."

ती हसली. झालं, संपलोच मी.

सिग्रून तिचं नाव. सरोवराकाठच्या गिम्ली गावातल्या कोळ्याची मुलगी. सरोवरावरचा बर्फ कधी किती जाड होईल, याचं गणित ती दोन वर्षं विद्यापीठात मांडत होती. पुढच्याच शनिवारी गावच्या कोळ्यांपुढे आकडे ठेवायचे होते, आणि तिचं मशीन म्हणजे गोगलगाय. मी काय करावं? माझा स्वतःचा, पाटीवरचा प्रोसेसर काढला आणि तिच्या मशीनमध्ये बसवायला घेतला.

"प्रोसेसर थंड ठेवायची ही राखाडी पेस्ट किती लावायची?" तिने विचारलं.

"वाटाण्याएवढी."

"कुठला वाटाणा? डब्यातला, की तुमच्या आईच्या सूपमधला?"

"आईचं सूप तुम्ही कधी चाखलंत?"

"बोलावलंय कुणी अजून?"

पंखा बसवताना तिचं बोट माझ्या बोटाला लागलं. दोघांचीही बोटं राखाडी झाली.

"घाबरू नका," मी म्हणालो, "हा डिंक नाही."

"नाही?... अरेरे."

मग तिने चष्मा पुसला आणि सरळ माझ्या डोळ्यांत बघितलं. "साडेचारशेवर खरंच टिकतो ना रे हा? मला तपासायला वेळ नाही. तुझ्या शब्दावर विश्वास ठेवतेय."

तुझ्या! त्या एका 'तुझ्या'साठी मी त्याचा वेग आणखी शंभराने वाढवला असता.

"टिकतो," मी म्हणालो.

फाजील पळवलेला प्रोसेसर दर वेळी बंद पडत नाही, मंडळी. कधी कधी तो चालूच राहतो आणि साळसूदपणे चुकीची उत्तरं देतो.

पुढच्या शनिवारी गिम्लीचं सभागृह गच्च भरलेलं. मी तिसऱ्या रांगेत, इस्त्रीचा शर्ट घालून. तिचे आकडे पहाटे कसेबसे छापून झाले होते. तिने नीट वाचलेही नव्हते. कागद हातोहात फिरले, आणि तिचे वडील, हालडोर, उठून उभे राहिले.

"पोरी, तुझ्या हिशेबाने येत्या बावीस तारखेला सरोवराला उकळी फुटतेय. मग जाळी कशाला न्यायची? मीठ आणि बटाटेच नेतो!"

सभागृह हसून लोळलं. तिचा चेहरा... तो चेहरा मला अजून झोपेतून उठवतो.

"माझंच सूत्र चुकलं," ती पुटपुटली. "दोन वर्षं फुकट गेली. मी हे सोडते." आणि मग तिची नजर रांगांवरून फिरत माझ्यावर येऊन थांबली.

आणि मी उठलो, मंडळी! छाती काढून गरजलो, "हालडोरकाका, पोरीचं सूत्र सोळा आणे खरं आहे. खोटा मी आहे! चोवीस तास नाही, वीस मिनिटं, तीही गॅरेजचं दार उघडं टाकून!" आणि ती धावत आली, आणि सगळ्यांच्या देखत तिने मला—

"थापा मारू नकोस, ओरेस्ट."

सिग्रूनने कॉफीची किटली टेबलावर ठेवली.

"तू उठला नाहीस. टोपी घेतलीस आणि मागच्या दाराने निघून गेलास. तुझे लाल कान बघूनच मला कळलं होतं. तू बोलशील म्हणून मी तिथेच उभी होते. रविवारी मीच वेग खाली आणला, तेव्हा आकडे जुळले. आणि तू आलास मंगळवारी, आईच्या सूपचा डबा घेऊन... आणि तेव्हाही नुसतं 'कशी आहेस' एवढंच विचारलंस."

ती माझ्या शेजारची खुर्ची ओढून बसली.

"सव्वीस वर्षं झाली. ती वीस मिनिटं तुझ्या तोंडून मी आज पहिल्यांदा ऐकतेय."