रिकाम्या गाडीचं वजन

शनिवार उजाडला की झेंझो माभेनाची गाडी विटांवर चढायची. लुवेवे वस्तीतल्या त्या गल्लीत कुणाला त्याचं नवल नव्हतं. बुलावायोच्या रेल्वे कारखान्यात झेंझोनं पंचवीस वर्षं मालगाडीच्या वाघिणी दुरुस्त केल्या होत्या. नोकरी गेली, हातातला पाना सुटला नाही. गाडी त्याच्या बापानं घेतलेली. लांबुडकी, पांढरी, मागे सामानाला जागा असलेली. रंग उडालेला, उजव्या दाराला आतून कडीऐवजी दोरी. पण ती चालू राहणं भाग होतं. झेंझोची आई, म्हातारी मादलोडलो, दर सोमवारी आणि गुरुवारी मशीनवर रक्त धुवून घ्यायला शहरातल्या इस्पितळात जायची. जायला चौदा किलोमीटर, यायला चौदा. मिनीबसमध्ये माणसं एकमेकांच्या मांडीवर कोंबतात. तिथे ती दोनदा बेशुद्ध पडली होती. रुग्णवाहिकेचं नाव काढलं की इस्पितळाच्या खिडकीतला कारकून हसायचा. म्हणजे गाडी बंद, तर आई बंद. सरळ गोष्ट होती.

आणि गाडी मागून बसत चालली होती.

चाकाच्या वर, मडगार्डपर्यंत, रिकाम्या गाडीला एकोणीस सेंटिमीटर फट असायला हवी. झेंझोनं ती आयुष्यभर मोजली होती. पावसाळा संपता संपता ती पंधरा झाली. जूनमध्ये बारा. ऑक्टोबरच्या उन्हात, मातीला भेगा पडल्या तेव्हा, नऊ.

त्यानं आधी शॉकअब्सॉर्बर बदलले. मग स्प्रिंगच्या पाट्यांचे बुश. मग एका पाट्याला केसाएवढी चीर दिसली, तेव्हा कोपऱ्यावरच्या जुबाने काकांना बोलावलं. जुबाने म्हणजे लोहारकामातला जुना माणूस. पाटे भट्टीत लाल करून त्यांना पुन्हा कमान द्यायची, ती त्यानंच.

"पाट्यांवर अत्याचार झालाय," पाटे उतरवताना म्हातारा म्हणाला. "काय वाहतोस रे, रेल्वेवाल्या? चोरून रूळ विकतोस काय?"

"आईला नेतो. ती पंचेचाळीस किलो आहे, काका."

"मग तुझं डोकं जड असेल."

पाटे नवे असल्यासारखे वाकून आले. दोघांनी ते बसवले, बोल्ट आवळले. झेंझोनं जॅक सोडला. गाडी खाली आली. एकोणीसवर थांबायला हवी होती. ती थांबली नाही. सावकाश, एखादा थकलेला माणूस खाटेवर टेकतो तशी, ती कुरकुरत नऊवर गेली.

जुबानेनं हात पुसले. चहासुद्धा न घेता गेला.

झेंझो मात्र हट्टाला पेटला. लोखंड खोटं बोलत नाही, हा त्याचा एकच धर्म होता. मागची सीट काढली, गालिचा उचकटला, पेट्रोलची टाकी उतरवून हलवून पाहिली. काही नव्हतं. सीट परत बसवताना त्याचा तळवा तिच्यावर टेकला. गाडी सकाळपासून आंब्याच्या सावलीत होती, तरी सीट ऊबदार होती. ती ऊब उन्हाची नव्हती. नुकतंच कुणी उठून गेल्यावर खुर्चीला असते, तशी होती.

दुसऱ्या दिवशी मागची काच आतून धुरकटलेली दिसली. नळाला चार दिवस पाणी नव्हतं, हवेत दमटपणाचं नाव नव्हतं आणि काचेवर वाफ. त्यानं फडक्यानं पुसली. गोल फिरून ड्रायव्हरच्या दारापाशी येईपर्यंत काच पुन्हा धुरकटली होती.

सोमवारी आईला आणताना नेहमीच्या चढावर इंजिनानं दम सोडला. पाणी उकळून बाहेर आलं. तासभर दोघं रस्त्याकडेला बसले. आईचे ओठ राखाडी झाले होते. ती पूर्वी मागच्या सीटवर मधोमध, पाय पसरून बसायची. हल्ली दाराला चिकटून, अंग चोरून बसत होती.

"आई, नीट ऐसपैस बैस की."

"बसलेय की. होतं तेवढ्यात," ती म्हणाली.

पुढे वाटेत त्यानं भंगारवाल्याच्या वजनकाट्यावर गाडी घातली. आई उतरून काट्यावरच्या माणसाच्या स्टुलावर बसली. झेंझोही उतरला. कागदावर गाडी तेराशे दहा किलोची होती. काट्यावर आकडा आला एकोणीसशे वीस.

"ओ भाऊ," काट्यावरचा माणूस हसला, "सिमेंटची पोती कुठे लपवलीत?" मग त्यानं गाडीत वाकून पाहिलं. मागची दारं उघडून पाहिली. त्याचं हसू गेलं. त्यानं चिठ्ठी दिली नाही. "गाडी काढा इथनं," एवढंच म्हणाला, तेही गाडीकडे न बघता.

त्या संध्याकाळी जुबाने काका स्वतःच आला. फाटकाच्या आत आला नाही.

"हे कधीपासून?"

"पावसाळ्याच्या शेवटापासून."

"म्हणजे तू सोमांडलाला आणायला गेलास, तेव्हापासून."

सोमांडला म्हणजे झेंझोचा बाप. जानेवारीत ग्वांडाच्या पुढच्या पुलावरून बस नदीत गेली, त्या बसमध्ये होता. माणूस असा वाटेत गेला की देह पुरून भागत नाही. कुणीतरी त्या जागी जायचं, रानबोरीची काटेरी फांदी जमिनीला टेकवायची, मेलेल्याला नावानं बोलवायचं. त्याचं नाव, त्याच्या बापाचं, आज्याचं, कुळाची सगळी बिरुदं. मग फांदी गाडीत ठेवायची आणि वाटभर त्याला सांगत यायचं: आता नदी ओलांडतोय, आता वळण आलं, आता घर आलं, उतर.

मार्चमध्ये झेंझो एकटा गेला होता. आईच्या हट्टापायी.

"नाव घेतलं होतंस ना?" जुबानेनं विचारलं.

झेंझोनं नकारार्थी मान हलवली. त्याला तो पूल आठवला. अंगावरून जाणारे ट्रक, कठड्याला टेकून मका खात बघत असलेली चार टवाळ पोरं. फांदी हातात धरून उभा असलेला तो स्वतः, पन्नाशीचा फिटर. लाज वाटली होती त्याला. त्यानं फांदी भराभर वाळूवर टेकवली आणि पुटपुटला होता: "चला. गाडी आणलीय. घरी चला." एवढंच. वाटभर रेडिओ लावला होता. घरी आल्यावर फांदी काढून आईच्या हातात दिली होती.

"अरे गाढवा," जुबाने हळूच म्हणाला. शिवीत राग नव्हता. "तिथे काय तुझा बाप एकटाच होता? बिननावाची हाक सगळ्यांनाच लागते."

"मी असलं काही मानत नाही, काका."

"नको मानूस. पाटे परत तुटतील तेव्हा मला बोलावू नकोस."

रविवारी दुपारी, उन्हात, गल्ली घरात शिरलेली असताना झेंझोनं गाडीची चारही दारं उघडली. मोजायची टेप चाकापाशी धरली. "सोमांडला माभेना," तो म्हणाला. "न्दाबांबीचा मुलगा, मागायाचा नातू." मग बापानं लहानपणी पाठ करून घेतलेली बिरुदं, अडखळत, मध्येच विसरत. "घर आलं. उतर, बाबा."

पाटा कुरकुरला. नऊचे दहा झाले.

ओसरीवरून आई उठली. दाराच्या चौकटीतून बाजूला सरकली, कुणाला आत येऊ द्यावं तशी.

झेंझोनं टेपवरचा आकडा पुन्हा वाचला. त्यानं घरातून जानेवारीचं वर्तमानपत्र आणलं. त्यात एकतीस नावं होती. तो एकेक वाचत गेला. पहिल्या अकरा नावांना काही झालं नाही; त्यांना त्यांची माणसं घेऊन गेली असणार. बाराव्या नावाला गाडी हलली. मग एकोणिसाव्याला. मग सव्विसावं आणि सत्ताविसावं, एकच आडनाव असलेली दोन, एकापाठोपाठ. शेजारची बाई कुंपणावरून बघत होती. तिनं तोंडावर हात ठेवला आणि आत गेली.

एकतीस संपली. फट चौदा.

चौदाच. अजून पाच सेंटिमीटर गाडीत कुणीतरी बसलेलं होतं.

झेंझोला कळलं, आणि कळलं तशी त्याच्या डोक्यात तिडीक गेली. पासष्ट माणसांच्या बसमध्ये नव्वद भरली होती. उभ्यानं जाणाऱ्यांना तिकीट देतच नाहीत. हात पकडून आत ढकलतात. बसचा मालक सूट घालून चौकशीला गेला आणि म्हणाला, आमच्या वहीत एकतीसच मेले. चौकशीवाल्यांनी मान डोलावली. उरलेल्यांना नगरपालिकेनं एका खड्ड्यात ढकललं आणि वर क्रमांकाची पाटीसुद्धा लावली नाही. जिवंतपणी ते प्रवासी नव्हते, मेल्यावर मेलेले नव्हते. आता त्यांना कुठल्या नावानं उतरवायचं?

"जे कुणी असाल ते उतरा!" तो ओरडला. "उतरा की! माझी आई मरेल!"

गाडी जागची हलली नाही.

"मी त्यांना परत पुलावर सोडून येतो," तो आईला म्हणाला.

"बोलावून आणलेल्या माणसांना परत रस्त्यावर सोडतोस?" मादलोडलो म्हणाली. "हेच शिकवलं का रे तुला?"

"गाडी तुझ्यासाठी आहे, आई. ती चढ चढत नाही."

"नावं नाहीत म्हणून माणसं नाहीत का? कुणी हात धरून उतरवलं, तर उतरतील."

त्यानं जास्तीचा पाटा बसवला. पंखा बदलला. गाडी धडपडत जात राहिली. सोमवारी मशीन बंद म्हणून इस्पितळानं त्यांना परत पाठवलं. वीज नाही, औषध नाही, गुरुवारी या. झेंझोनं कारकुनाची कॉलर धरली. आईनंच सोडवली. तिचे पाय सुजून खांबासारखे झाले होते.

मंगळवार, बुधवार ती ओसरीवर बसून होती. गाडीकडे बघत.

गुरुवारी झेंझोनं तिला उचलूनच मागच्या सीटवर ठेवलं. ती दाराला चिकटून बसली. तो गाडी जपून हाकत होता. चढ टाळायला लांबच्या रस्त्यानं गेला. मागे आई कुजबुजत होती. कुणाला तरी विचारत होती, गाव कुठलं, घरी कोण. मध्येच थांबायची, ऐकायची, "असं होय," म्हणायची.

"आई, कुणाशी बोलतेस?"

"तू पुढे बघ."

कारंज्याच्या चौकात ती म्हणाली, "एवढीशी आहे रे. हिचं बारसंसुद्धा झालं नव्हतं."

झेंझोनं आरशात पाहिलं. आईचे हात मांडीवर नव्हते. एकेक हात बाजूला पसरलेला, मुठी अर्ध्या मिटलेल्या, कुणाचे तरी हात धरावेत तशा.

पुढे ती बोलली नाही.

इस्पितळाच्या आवारात त्यानं जकरंदाच्या झाडाखाली गाडी लावली. जांभळी फुलं टपावर पडली. तो उतरला, वळसा घालून मागच्या दाराशी आला. दाराला हात लावायच्या आत गाडी वर उठली.

हिसका नव्हता. पाटे एकदाच, लांब कुरकुरले आणि मागचा भाग सावकाश वर आला. आला तो थेट एकोणीसवर. टेप लावायची गरज नव्हती. ती उंची त्याला डोळ्यांनी कळत होती.

काच स्वच्छ होती. वाफेचा थेंब नव्हता, आईच्या श्वासाचाही नाही.

गाडी रिकामी झाली होती. पूर्ण रिकामी.

काचेपलीकडे आई बसलेली होती, मान किंचित कलती, दोन्ही मुठी उघडलेल्या.