झाकणापाशी चपला

ज्याला ही थाप वाटते, त्यानं जळोचीला यावं आणि भर दुपारी बाराला त्या सोसायटीच्या मागं एकटं उभं राहून दाखवावं.

दादासो माझा मावसभाऊ. गेल्या मार्चमध्ये त्याच्यावर जे बेतलं, तेच लिहितोय.

सोसायटीच्या मागं जमिनीखाली सांडपाण्याचा छोटा प्लांट आहे. साऱ्या घरांचं मोरी-संडासचं पाणी तिथं येतं. ब्लोअर टाकीत हवा सोडतो. त्या हवेवर जिवाणू जगतात आणि घाण खातात. गाळ खाली बसतो, निवळलेलं पाणी गाळून बागेला जातं. ब्लोअर थांबला की जिवाणू मरतात, टाकी सडते, विषारी वायू धरते.

चेअरमनला हे ठाऊक होतं. तरी दुपारच्या झोपेत घरघर नको म्हणून तो ब्लोअर बंद करायला लावायचा.

खाली उतरायला वाट एकच, लोखंडी झाकणाची. नियमही एकच. उतरणाऱ्यानं चपला झाकणापाशी काढायच्या. चपला वर, म्हणजे माणूस खाली. चपला नसल्या की वॉचमन हिंदुराव कडी घालायचा, पोरंटोरं पडू नयेत म्हणून.

दादासो तिथं प्लांट सांभाळायचा. त्याच्या आधी ते काम सिद्धूकडं होतं. एकदा पाहुणे यायचे होते. चेअरमननं त्याच्या चपला उचलायला लावल्या. कडी लागली. सिद्धू खालीच मेला. 'हार्ट अटॅक' म्हणून सगळे मोकळे झाले. निळ्या वायरनं अंगठा शिवलेल्या त्या चपला त्याची आई सारजा उराशी धरून इंदापूरला घेऊन गेली.

मार्चमधल्या त्या दिवशीही पाहुणे होते.

"चपलांचं प्रदर्शन नको," चेअरमन म्हणाला. "पायात घालूनच उतर की."

दादासो उतरला.

थोड्या वेळानं वर खण्ण वाजलं... कडी.

मग ब्लोअर थांबला.

फोनला रेंज नाही. वर पाहुण्यांच्या मंडपात स्पीकर. तो ओरडला, कुणी ऐकलं नाही. सडक्या अंड्याचा वास आला.

मग वास यायचाच बंद झाला. ते जास्त वाईट; वायू वाढला की आधी नाकच मरतं.

शिडीवर चढून त्यानं पान्ह्यानं झाकणावर तीनदा ठोकलं.

उत्तर आलं... ठक्. ठक्. ठक्.

टाकीच्या आतून.

बंद ब्लोअरच्या टाकीत बुडबुडे उठले... शिडीकडं सरकत आले. सगळ्यात खालची पायरी करकरली... मग तिच्या वरची. काहीतरी ओलं, गार त्याच्या अंगाला घासून वर गेलं.

आणि झाकण उघडलं.

"लेका, व्हतास कुठं?" हिंदुराव घामाघूम. "मघाशी चपला न्हवत्या म्हून कडी घातली. परत आलो तर हितं चपला."

"माझ्या न्हाईत, तात्या."

"मग कुणाच्या?"

दादासोच्या चपला त्याच्या पायात होत्या.

झाकणापाशी दुसराच जोड... ओलाचिंब. अंगठ्याला निळी वायर.

त्यानं सारजाला फोन लावला. चपला फडक्यात गुंडाळून ठेवलेली पेटी तिनं उघडली.

"फडकं हाय रं," ती म्हणाली. "वलं हाय. चपला न्हाईत."

दादासो परत तिथं गेला नाही. चेअरमननं त्या चपला दोनदा कचऱ्यात टाकल्या. दोन्ही वेळा दुसऱ्या दुपारी त्या झाकणापाशी होत्या.

हिंदुराव आता कडी घालत नाही. चेअरमननं दम दिला तरी नाही.

"चपला वर हायत," तो म्हणतो. "म्हंजी माणूस खाली हाय."